हे सायकलवर समुद्राला गेले तेव्हा

ह्यांचे पाय पहिल्यांदा अडकले ते आमच्या स्वयंपाकघराच्या दारात. मी पोळ्या लाटत होते. हे पाणी प्यायला बाहेरच्या खोलीतून आत यायला निघाले आणि चौकटीतच थांबले. मला वाटलं, काही बोलायचं असेल. थोडा वेळ वाट पाहून मी म्हटलं, "या की आत."

"येतोय," हे म्हणाले. पण आले नाहीत. कमरेच्या वरचं अंग पुढं झुकलेलं आणि पाय फरशीला डिंकानं चिकटवल्यासारखे. टाचा नुसत्या थरथरत होत्या. मी पिठाच्या हातानंच त्यांचा दंड धरून ओढलं, तेव्हा एक पाऊल सुटलं आणि मग पुढची भराभर पडली, इतकी भराभर की फ्रिजला धडकता धडकता वाचले.

कंपवाताचं निदान त्याआधीच झालं होतं. उजवा हात थरथरायचा, अक्षर बारीक होत चाललं होतं. पण पाय गोठणं हे नवीन होतं. मग ते कुठंही व्हायला लागलं. लिफ्टसमोर, बँकेच्या काचेच्या दारात, भाजीबाजारात गर्दीच्या मधोमध. मागचे लोक आधी "काका, सरका" म्हणायचे, मग वळून बघायचे. ज्या माणसानं उभं आयुष्य चिकलठाण्याच्या कारखान्यात मशिनी दुरुस्त केल्या, बंद पडलेली मशीन आवाजावरून ओळखली, त्याला आपलेच पाय का बंद पडतात ते सांगता येत नव्हतं. "मेंदू सांगतो, चल. पाय ऐकत नाय," एवढंच म्हणायचे. हळूहळू त्यांनी बाहेर जाणं सोडलं.

दुखण्यानं आणखी एक गोष्ट नेली. चेहरा. डॉक्टरांनी समजावलं होतं की चेहऱ्याचे स्नायूही आखडतात. हसू आलं तरी चेहऱ्यावर उमटत नाही, राग आला तरी नाही. पाहुण्यांना वाटायचं, आपण आलेलं ह्यांना आवडलं नाही. मला कळायचं, की तसं नाही. पण खरं सांगायचं तर नंतर नंतर मलाही नक्की कळेनासं झालं. इतक्या वर्षांच्या संसारात ज्या चेहऱ्यावरून मी दिवस ओळखायचे, त्या चेहऱ्याकडं बघून आता काहीच समजायचं नाही. आवाजही खाली गेला होता. दोनदा विचारलं की तिसऱ्यांदा सांगायचे नाहीत.

ह्या सगळ्यात ज्यांनी घरी येणं सोडलं नाही असे एकच. ह्यांचे कारखान्यातले मित्र. दोघं एकाच वेळी शिकाऊ उमेदवार म्हणून लागलेले, एकाच खात्यात म्हातारे झालेले. मी त्यांना भाई म्हणते, ते मला भाभी. ईदला त्यांच्या घरचा शिरखुर्मा आमच्याकडं येतो, दिवाळीला आमच्या करंज्या तिकडं जातात. भाई रोज सकाळी हर्सूल तलावाकडं सायकलवर जायचे. एकदा म्हणाले, "भाभी, ह्याला गाडीत घालून नेऊ का? बसेल बाकावर. हवा तर लागेल." मी हो म्हटलं.

थोड्या वेळानं त्यांचा फोन. "भाभी, या जरा. गुस्सा मत होना, पण या."

पडले असणार, असंच वाटलं. रिक्षा करून पोचले, तर तलावाच्या कडेच्या रस्त्यावरून हे सायकल चालवत येत होते. भाईंची सायकल. त्यांनी ती गाडीच्या टपावर टाकून आणली होती आणि ह्यांच्या हट्टाखातर ह्यांना धरून तिच्यावर बसवलं होतं. पाठ ताठ, पाय एका लयीत फिरत होते, हँडलवरचा उजवा हात अगदी शांत. घरात बाथरूमपर्यंत जायला ज्यांना माझा खांदा लागायचा, ते माझ्या समोरून गेले आणि वळण घेऊन परत आले. मी रस्त्याच्या कडेला रिक्षावाल्याला पैसे द्यायचे विसरून उभी.

नंतर डॉक्टरांना विचारलं, तर त्यांना काही नवल वाटलं नाही. काही रुग्णांचं असं होतं म्हणाले. चालणं अडतं, पण सायकल चालते. मात्र चढताना आणि उतरताना कुणीतरी धरायला हवं. सायकल थांबली की पाय पुन्हा गोठायचे, आणि जमिनीला टेकवायचा पाय टेकायचाच नाही. एकटं सोडायचं नाही, हे त्यांनी मला दोनदा बजावलं.

मग आमचं ठरून गेलं. मधला दांडा खाली असलेली बायकांची सायकल आणली, म्हणजे चढायला सोपी. आधी हे तिच्याकडं बघायलाही तयार नव्हते. "ही?" एवढंच म्हणाले. पण बसले. मी मागून सीट धरून चार पावलं ढकलायची, भाई पुढं जाऊन थांबायचे आणि आल्यावर ह्यांना अलगद धरायचे. मीही सायकल पुन्हा शिकले. पाचोडला शाळेत जाताना वडिलांच्या मोठ्या सायकलवर दांड्याखालून पाय घालून चालवायचे, ते अंगात कुठंतरी राहिलं होतं. पंजाबी ड्रेस घालून मी ह्यांच्या मागं मागं तलावाभोवती फिरायला लागले. आमच्या सोसायटीतल्या बायका हसल्या असतील. मला ऐकू आलं नाही.

एक दिवस भाईंनी मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ दाखवला. कोकणातला रस्ता, एका बाजूला डोंगर, एका बाजूला समुद्र, आणि कुणीतरी सायकलवर चाललेलं. हे बराच वेळ बघत राहिले. मोबाइल परत देताना म्हणाले, "मला हितं जायचंय."

दुखणं आल्यापासून ह्यांनी मला काही मागितलं नव्हतं. पाणीसुद्धा मी विचारल्यावर घ्यायचे. समुद्र आम्ही एकदाच पाहिला होता, मुंबईला लग्नाला गेलो तेव्हा, टॅक्सीच्या खिडकीतून. मी म्हटलं, "इतक्या लांब? घाट आहेत. तिथं काही झालं तर दवाखाना कुठं शोधायचा?" पुण्याहून लेकीनं फोनवर तेच सांगितलं, माझ्यापेक्षा जोरात. ह्यांनी वाद घातला नाही. नुसतं दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, पुन्हा एकदा, "मला तिथं जायचंय." शेवटी मी भाईंना म्हटलं, "गाडीच्या टपावर तीन सायकली बसतात का?"

"बसवू," भाई म्हणाले.

थंडीचे दिवस होते. वाटेत पुण्याला लेकीकडं मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी घाट उतरून दापोलीच्या पुढच्या एका गावी पोचलो. एका बाईंनी आपल्या घराच्या मागच्या खोल्या राहायला दिल्या होत्या. सगळीकडं सुपारीची झाडं, जांभ्या दगडाचे गडगे, म्हणजे बुटक्या भिंती, आणि झाडांच्या मागून सारखा एक आवाज. मला तो आधी वाऱ्याचा वाटला. हे पलंगावर बसून ऐकत होते. मग म्हणाले, "लाटा हायेत."

सकाळी ह्यांना गोळी दिली. गोळी लागायला थोडा वेळ लागतो, लागली की काही तास अंग मोकळं असतं. चहा होईपर्यंत आम्ही ओट्यावर बसलो. मग हे म्हणाले, "लागली." भाई पुढं निघाले. मी सीट धरली, ढकललं, ह्यांचे पाय पेडलवर बसले, आणि मी माझ्या सायकलवर टांग टाकली.

तो रस्ता मला अजून दिसतो. आधी वाड्यांच्या मधून जाणारी अरुंद वाट, दोन्ही बाजूंनी गडगे, वर माडांची छाया. मग एका वळणावर घरं संपली आणि डाव्या हाताला एकदम समुद्र. आमच्याकडं डोळ्यांना सवय असते, लांबवर काहीतरी असतंच, डोंगर, टाकी, कारखान्याचं छत. तिथं काहीच नव्हतं. पाणी आणि मग आभाळ. रस्ता डोंगराच्या पोटातून हळूहळू खाली उतरत होता. खाली सुरूची झाडं, त्यांच्या पलीकडं किनारा. वाळत घातलेल्या मासळीचा वास यायचा आणि वळण घेतलं की जायचा. उताराला मी ओरडायची, "ब्रेक!" आणि हे ब्रेक दाबायचे. मी मागं होते. मला ह्यांची पाठच दिसत होती आणि वाऱ्यानं फुगलेला शर्ट. आत काय चाललंय ते कळायला चेहऱ्याची गरज नाही असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, कारण हे बोलायला लागले. मोठ्यानं. भाईंना म्हणाले, "अरे, पेडल मार, का झोपलास?" इतका आवाज ह्यांच्या गळ्यात अजून आहे, हे मला माहीत नव्हतं.

रस्ता संपतो तिथं होड्या ओढण्यासाठी केलेला सिमेंटचा उतार आहे, थेट वाळूत जाणारा. ठरलं होतं तसं भाई त्या उताराच्या तोंडाशी उतरले, सायकल बाजूला लावली आणि हात पुढं करून उभे राहिले. हे जवळ आले. भाई म्हणाले, "बस, धीरे." आणि हे त्यांच्या हाताशेजारून निघून गेले.

उतारावरून सायकल खाली गेली. कोरड्या वाळूचा पट्टा वेगातच पार झाला. ओहोटी लागलेली होती, ओली वाळू रस्त्यासारखी घट्ट. हे पाण्याला लागून वळले आणि किनाऱ्यानं जाऊ लागले.

"अहो, थांबा!" मी ओरडले. माझ्या सायकलचं पुढचं चाक कोरड्या वाळूत रुतलं. मी ती तिथंच टाकली आणि पळत सुटले. मागून भाईंचा आवाज, "अबे, रुक!" त्यांचे गुडघे दुखतात, ते मागंच राहिले. किनारा लांबच लांब होता, जवळपास माणूस नव्हतं. हे लहान होत चालले होते. मला एक गोष्ट ठाऊक होती, की ह्यांना एकट्यानं थांबता येत नाही. आणि दुसरी एक गोष्ट मनात आली, की कदाचित थांबायचंच नसेल. समुद्र एवढा जवळ होता. हँडल नुसतं डावीकडं वळवायचं. तेवढं पळताना मी काय काय विचार केला ते मी लेकीलाही सांगितलेलं नाही.

किनाऱ्याच्या मध्यावर एक ओहोळ वाळूतून येऊन समुद्राला मिळत होता. तिथं सायकल मंदावली, डुलली आणि आडवी झाली. शिंपल्या गोळा करणाऱ्या दोन बायका तिकडं होत्या, त्या धावल्या. मी पोचले तेव्हा हे ओहोळाच्या उथळ पाण्यात बसलेले होते, पाय पसरून. त्या बायकांपैकी एक मला म्हणाली, "बाय, ह्ये बाबा उठवाया देत न्हाईत. हात लावू नका म्हणतात."

कोपर खरचटलं होतं, बाकी काही नव्हतं. मला दम लागला होता. मी विचारलं, "थांबला का नाहीत?"

"थांबलो असतो तर भाईनं धरलं असतं."

"मग? धरायलाच उभे होते ना ते?"

लाट आली, त्यांच्या गुडघ्यांपर्यंत येऊन परत गेली. मग हे त्या बारीक आवाजात, पण स्पष्ट, म्हणाले, "अगं, किती दिवस झाले, मला कुणी धरलेलं नाय असा एक टाइम नाय. उठताना धरता. बसताना धरता. रात्री कूस बदलताना धरता. मला पडायचं असलं, तर माझं मी पडतो."

मला राग आला. इतका की त्या बायका ऐकतायत हेही मी विसरले. "आणि मी?" म्हटलं. "मी काय करायचं? तुम्ही पडायचं आणि मी बघत राहायचं?"

ह्यांचा चेहरा नेहमीसारखाच कोरा. पण डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात वर गेला नाही, तो थरथरत मांडीवर पडून होता. मी माझ्या ओढणीनं पुसलं. तेवढं करू दिलं.

भाई धापा टाकत आले. "दिमाग खराब हुआ क्या रे तेरा? मी भाभीला काय तोंड दाखवलं असतं?" म्हणाले आणि तिथंच ओल्या वाळूत बसून घेतलं. शिंपल्यावाल्या बायका टोपली घेऊन परत आपल्या कामाला लागल्या. त्यांतली एक लांबून म्हणाली, "भरती लागल, इतं बसू नका फार."

ओल्या कपड्यांनी अंग आखडलं आणि गोळीचा जोरही उतरला. ह्यांना उभं केलं, तर पाय उचलेनात. शेवटी पर्यटकांना किनाऱ्यावर फिरवणारा एक घोडागाडीवाला त्या बायकांनी हाक मारून बोलावला. गाडीला प्लॅस्टिकची फुलं आणि चमकीच्या माळा. त्यात ह्यांना बसवलं, शेजारी मी, आणि भाई तिन्ही सायकली एकेक करून नेत राहिले. गाडीवाला दर थोड्या वेळानं सवयीनं म्हणायचा, "बघा, तिकडं कधी कधी डॉल्फिन दिसतात." आम्ही दोघांनीही एकदाही मान वळवली नाही.

दुपारभर मी ह्यांच्याशी बोलले नाही. जेवण भरवलं, गोळी दिली, कोपराला औषध लावलं, पण बोलले नाही. संध्याकाळी बाहेर ओट्यावर भाई एकटेच बसले होते. मी विचारलं, "तुम्हाला राग नाही आला?"

"आला ना. खूप आला," भाई म्हणाले. "पर भाभी, कारखान्यात लोखंडाच्या चकतीखाली बोट गेलं होतं ह्याचं, तेव्हा पण स्वतः चालत दवाखान्यात गेला होता. कुणाला हात लावू दिला नाय. मला वाटलं होतं, तो माणूस गेला. आज कळलं, आहे."

त्या रात्री हे कूस बदलायला लागले तेव्हा मी हात पुढं केला नाही. हे धडपडत राहिले, पलंग कुरकुरला. मी डोळे मिटून पडून राहिले. सोपं नव्हतं. शेवटी त्यांचं ते वळले.

सकाळी मी म्हटलं, "एक करू. रस्त्याच्या ह्या टोकाला मी. त्या टोकाला भाई. मधे तुम्ही एकटे. मी मागं येणार नाही. पण भाईंपाशी थांबायचं. कबूल?"

ह्यांनी मान हलवली. "कबूल."

डोंगराकडचा उतार नको म्हणून आम्ही गावातली सुरूच्या बनातून जाणारी सपाट वाट निवडली, तीही किनाऱ्याकडंच जाते. भाई गाडी घेऊन पुढं गेले आणि त्यांचा फोन आला की पोचलो. मी सीट धरली. ढकललं. सोडलं. आणि उभी राहिले.

झाडांमधून ह्यांचा शर्ट दिसत होता, मग दिसेनासा झाला. वाट लांब नव्हती. पण मला दुसरं काही करता येईना. एक म्हातारा माणूस सुरूच्या काड्या गोळा करत होता, त्यानं विचारलं, "कुणाची वाट बघताय?" मी म्हटलं, "नाही, कुणाची नाही." फोन हातात धरून मी तो वाजायची वाट बघत होते, आणि वाजला तेव्हा उचलायला भीती वाटली.

"आला," भाई म्हणाले. "थांबला. समोर समुद्राकडं बघतोय. तुम्ही पण या आता."

मी सायकल काढली. जाताना मलाही मधे कुणी नव्हतं. पुढं बघायला ह्यांची पाठ नव्हती, ब्रेक म्हणून ओरडायचं नव्हतं. खूप दिवसांनी मी बाजूला बघितलं. झाडांच्या बुंध्यांमधून पाणी चमकत होतं आणि एक होडी आत चालली होती. पोचले तेव्हा हे सायकलवरच बसून होते, भाईंनी नुसतं हँडल धरलेलं. मला म्हणाले, "उशीर केलास."

त्यानंतर हर्सूलला आम्ही तसंच करत राहिलो, एका टोकाला मी, एका टोकाला भाई. पुढच्या पावसाळ्यापर्यंत चाललं. मग तोलच जायला लागला. दोनदा पडले. तिसऱ्यांदा पडायच्या आधी एका सकाळी गोळी लागल्यावरही ह्यांनीच सांगितलं, "आता नको." मी काही समजूत घातली नाही. भाईंनीही नाही. गाडीत बसताना ह्यांनी भाईंना खूण केली आणि म्हणाले, "सायकल घरी ने. ही चालवंल."

आता हे खुर्चीवर असतात. दिवसातून बऱ्याच वेळा उठवावं लागतं, बसवावं लागतं. धरायच्या आधी मी विचारते. कधी म्हणतात, धर. कधी म्हणतात, थांब. थांब म्हटलं की मी थांबते, हात मागं घेऊन, आणि हे आपल्याशी झुंजत राहतात. कधी जमतं, कधी मग मलाच हाक मारतात.

सकाळी भाई येतात. दोघं बाहेरच्या खोलीत बसतात, भाई पेपर वाचून दाखवतात, आणि हे मला बाहेर घालवतात. "जा," म्हणतात. मी सायकल काढते आणि तलावाला चक्कर मारून येते. आल्यावर विचारतात, "काय दिसलं?" मी सांगते. आज पाणी खाली गेलंय, काठाच्या चिखलात बगळे उतरलेत, एक जोडपं सेल्फी काढत होतं, आणि परत येताना वाऱ्यानं डोळ्यांत धूळ गेली.

"लई?" हे विचारतात.

"नाही," मी म्हणते, आणि चहा ठेवायला आत जाते.